माकणीच्या उन्हाचा हिशेब

लोहारा तालुक्यातल्या माकणीजवळ तेरणेवर धरण आहे आणि वर्षातले आठ महिने डोक्यावर लख्ख ऊन असतं. तरीही हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हटलं की इथला शेतकरी वर्षानुवर्षं रात्रीच घराबाहेर पडत आला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, अंगावर घोंगडी किंवा स्वेटर. थ्री फेज लाइट कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास, अशी पाळी महावितरणच्या वेळापत्रकात असायची आणि रात्रीची पाळी आली की साप-विंचवाचं भय बाजूला ठेवून मोटार चालू करायला जावंच लागायचं. पाणी दिवसभर विहिरीत असतं, ऊन दिवसभर रानात असतं, लाइट तेवढी रात्री येते. मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर हे गाऱ्हाणं ऐकायला मिळेल.

या गाऱ्हाण्यावर छोट्या, स्वस्त आणि गावातच तयार होणाऱ्या विजेचा उतारा गेली वीस-पंचवीस वर्षं महाराष्ट्रात ठिकठिकाणी करून पाहिला गेला आहे. त्यातले काही प्रयोग टिकले, काही बंद पडले, एक तर चक्क पाण्यात बुडाला. ते का टिकले किंवा का बंद पडले हे नीट पाहिलं, तर माकणीसारख्या गावाला आज कामाला येईल असं बरंच काही हाती लागतं.

सुरुवात उन्हापासून करू. माकणी साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस तोच योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. या अक्षांशावरूनच सौर पॅनेल कसं बसवायचं हे ठरतं. तोंड दक्षिणेला आणि कल साधारण अक्षांशाइतका, म्हणजे १८ अंश. गावच्या सुताराला किंवा वेल्डरला कोनमापक लागत नाही. सांगाड्याचा पाया एक मीटर धरला, तर मागची बाजू पुढच्यापेक्षा ३२ ते ३३ सेंटिमीटर उंच घ्यायची, की १८ अंश जमले.

असं नीट बसवलेलं एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतं. पण ही सरासरी आहे. आषाढ-श्रावणात झड लागली की उत्पादन निम्म्याच्याही खाली येतं. उलट मे महिन्यात ऊन कडक म्हणून वीजही सर्वांत जास्त मिळेल, असं वाटतं ते खरं नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्यावर लिहिलेले वॅट २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. मराठवाड्यातल्या उन्हाळी दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत सहज तापतं, म्हणजे शंभरातले चौदा वॅट नुसत्या तापण्यात गेले. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळेल एवढी मोकळी फट ठेवावी.

सावलीचं गणित तर आणखी कडक आहे. पॅनेलमधल्या चकत्या एकीला एक अशा माळेत जोडलेल्या असतात. ठिबकच्या मुख्य पाइपला एका ठिकाणी पीळ पडला की पुढचं सगळं रान कोरडं राहतं, तसंच इथेही होतं. कडुलिंबाच्या एका फांदीची सावली चार चकत्यांवर पडली तरी त्या माळेची वीज धाडकन खाली येते. पॅनेल विकणारा हे सांगेलच असं नाही. ते आपणच सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला अंगणात उभं राहून पाहायचं असतं.

आता घराचा हिशेब. चार माणसांचं एक साधं घर धरू. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास, तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास, चाळीस वॅटचा टीव्ही चार तास आणि दोन मोबाइलचं चार्जिंग. बेरीज एक युनिटच्या आत-बाहेर येते. हेच घर जुन्या साहित्यावर चालवलं, म्हणजे साठ वॅटचे पिवळे बल्ब, पंचाहत्तर वॅटचे पंखे आणि शंभर वॅटचा डबा टीव्ही, तर रोजची बेरीज तीन युनिटच्या वर जाते. म्हणजे पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर, सगळंच तिप्पट लागणार. छोट्या विजेतली सर्वांत स्वस्त खरेदी म्हणूनच बल्ब आणि पंख्यापासून सुरू होते. एक युनिटवर भागणाऱ्या घराला चारशे-पाचशे वॅटचं पॅनेल पुरतं, पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर.

यंत्राचं गणित इतकं सोपं असेल, तर सगळीकडे ते यशस्वी का झालं नाही? त्याचं उत्तर शोधायला माकणीच्या शेजारीच जावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि तेरणेकाठची कितीतरी गावं काही क्षणांत दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे दहा हजार माणसं दगावली. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायकांना संवादसहायक म्हणून उभं करण्याचं काम प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यातूनच पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था आकाराला आली. घरं बांधून झाल्यावर याच बायका बचत गटांत आल्या, आणि बचत गटांतून व्यवसायात.

२००६ च्या सुमारास या जाळ्यातून एक वेगळी वस्तू घराघरांत जाऊ लागली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर एका तेल कंपनीनं ‘ऊर्जा’ नावाची शेगडी बाजारात आणली होती. शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या कांड्या त्यात जळत आणि आतला छोटा पंखा बॅटरीवर फिरून धूर कमी करी. लातूर-धाराशिव भागात ती गावातल्याच बायकांनी विकली. पुढे कांड्यांचा कच्चा माल महागला, कांड्यांचे भाव चढले आणि बऱ्याच घरांत शेगडी कोपऱ्यात गेली. चुलीला सरपण रानातून फुकट मिळतं. शेगडीचं इंधन मात्र बाहेरून विकत यायचं, आणि ती तिथेच अडली.

पण विकणाऱ्या बायका थांबल्या नाहीत. त्यांनी सौर कंदील, सौर दिवे, सुधारित चुली विकायला घेतल्या. वापर कसा करायचा हे दाखवून दिलं, बिघडलं तर परत आणून दुरुस्त करून दिलं. ‘सखी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बायकांची संख्या हजारापलीकडे गेली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक यंत्रणेनं २०१६ मध्ये या कामाचा गौरव केला आणि पुढच्याच वर्षी मराठवाड्यातल्या महिला शेतकऱ्यांच्या कामासाठी संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. इथे दिव्याच्या दर्जाइतकीच दुसरी एक गोष्ट कामी आली. दिवा बंद पडला तर जिच्या दारात जाऊन उभं राहता येईल अशी बाई त्याच आळीत राहत होती. तालुक्याच्या दुकानदाराकडे हेलपाटा घालावा लागला असता, तर निम्मे दिवे महिन्यात खुंटीला लागले असते.

जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीनं हीच गोष्ट पुढच्या पायरीवर नेली. डोंगरातली ही वस्ती २०१२ पर्यंत अंधारात होती. खांब तिथवर पोहोचलेच नव्हते. पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीनं बॉश सोलर एनर्जीच्या मदतीनं तिथे ९.४ किलोवॅटचं सौर केंद्र उभारलं आणि ३९ घरांना तारेनं वीज दिली. घरटी कंदील न वाटता गावाचंच एक छोटं वीज मंडळ केलं, असं म्हणता येईल. पॅनेल एका जागी, बॅटऱ्या एका खोलीत, तिथून गल्लीत खांब आणि प्रत्येक घराला मीटर. उजेडाबरोबर पिठाच्या गिरणीसारखी कामंही त्या विजेवर होऊ लागली.

दरेवाडीत सर्वांत महत्त्वाचा होता तो मीटर. वीज फुकट दिली नव्हती. गावकऱ्यांचं विश्वस्त मंडळ होतं, गावातलाच शिकवलेला तरुण रीडिंग घ्यायचा आणि दरमहा बिल गोळा होऊन बँकेत जमा व्हायचं. उभारणीचा खर्च बाहेरून आला होता. रोजची देखभाल आणि काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या यांची तजवीज मात्र गावानं करायची, असा करार. ज्याच्या घरी दोन दिवे त्याचं बिल कमी, ज्याच्याकडे टीव्ही त्याचं जास्त. मीटर नसता तर पहिल्या हिवाळ्यातच कुणीतरी हिटर लावला असता आणि सगळ्या गल्लीचे दिवे गेले असते.

तिसरी गोष्ट सातपुड्यातली, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातल्या बिलगावची. तिथे ऊन नव्हे, पाणी कामाला लावलं. पाण्यापासून वीज किती मिळेल याचं गणित पाटाच्या पाण्यासारखंच सरळ आहे. सेकंदाला शंभर लिटर पाणी दहा मीटरवरून पडत असेल, तर त्यात जवळपास दहा किलोवॅट शक्ती असते. टर्बाइन, जनित्र आणि पाइपमधली घट जाऊन पाच-सहा किलोवॅट हाती येतात. धरणाची भिंत लागत नाही, विस्थापन होत नाही. ओढ्यावर छोटा बंधारा, बाजूनं काढलेला पाट, वर एक टाकी, तिथून खाली उतरणारा पाइप आणि तळाशी खोलीत टर्बाइन, एवढंच.

नर्मदा खोऱ्यातल्या डोमखेडीत २००० साली असा अगदी लहान प्रयोग झाला होता. बिलगावात तो मोठ्या प्रमाणावर करायचं ठरलं. केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अभियंते आले, ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या अनिवासी भारतीयांच्या संस्थेनं पैसे उभे केले आणि आदिवासी पाड्यांनी श्रमदानातून बंधारा, पाट बांधले. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅटचा हा प्रकल्प सुरू झाला. आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’ चित्रपटात गावकरी ओढ्याच्या पाण्यावर दिवा लावतात, त्यामागे बिलगावची प्रेरणा असल्याचं मानलं जातं. चित्रपट २००४ मध्ये आला. त्याचं चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालं. पडद्यावरचं गाव उजळून दोन वर्षं झाली नाहीत तोवर, २००६ च्या पावसाळ्यात, सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी चढलं आणि बिलगावचं वीजघर बुडालं. मोठ्या धरणानं लहान वीजघर गिळलं. यंत्रात काही दोष नव्हता. माणसंही राबली होती. ज्या जागी वीजघर उभं राहिलं, त्या जागेवरचा हक्क मात्र गावाच्या हाती नव्हता.

मग माकणीत धरण असताना पाण्याची वीज का नको? कारण पाण्याच्या विजेला बारमाही धार लागते. माकणीच्या या निम्न तेरणा धरणाचं पाणी कालव्यातून आवर्तनानं सुटतं, तेही धरण भरलं असेल तर. दुष्काळी साली धरण तळ गाठतं, तेव्हा पिण्याच्या पाण्याचीच वानवा असते. कोकणातल्या किंवा सातपुड्यातल्या ओढ्याला जे जमतं, ते बालाघाटाच्या पायथ्याशी जमणार नाही. इथलं हुकमी धन ऊन हेच. धाराशिव तालुक्यातल्या कौडगावात महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, आणि जिल्ह्याच्या माळरानांवर पवनचक्क्याही फिरताना दिसतात. जिल्ह्याच्या उन्हावाऱ्याचा हिशेब मोठ्या कंपन्यांनी केव्हाच करून ठेवला आहे.

गावाच्या पातळीवर आज तीन वाटा आहेत. पहिली शेतातली. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप. यात बॅटरी नसते. ऊन आहे तोवर पाणी, हाच या पंपाचा साठा. मग रात्री बांधावर जायची गरज उरत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिवसभर फुकट चालणारी मोटार विहिरीचा तळही दिवसभरच खरवडते, तेव्हा ठिबकशिवाय हा पंप म्हणजे भूजलावर आणखी एक नळ. दुसरं, पावसाळ्यात सोयाबीन उभं असतं किंवा रब्बी निघाल्यावर रान मोकळं असतं, तेव्हा पॅनेल नुसतं ऊन खात उभं राहतं. त्याच विजेवर कडबाकुट्टी, गिरणी चालवता येईल असा सार्वत्रिक कंट्रोलर मिळतो. तो पंपासोबतच मागून घेणं शहाणपणाचं.

दुसरी वाट फीडरची. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ मध्ये उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला जाते. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, तो या टप्प्यातला पहिला. शेतकऱ्याला नवीन काहीच बसवावं लागत नाही. आपल्याच जुन्या मोटारीला दिवसा लाइट मिळते.

तिसरी वाट घराच्या छपरावरची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट व त्यावर ७८ हजार रुपये अनुदान आहे. सातारा जिल्ह्यातली पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. घरांची छपरं, पाणीपुरवठा, ग्रामपंचायत, सगळं उन्हावर.

पण या तिसऱ्या वाटेत एक खोच आहे आणि लाइट वारंवार जाणाऱ्या गावानं ती आधी समजून घ्यावी. नेट मीटरला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा महावितरणची लाइट गेली की तीही बंद पडते. भर दुपारी डोक्यावर ऊन आणि घरात पंखा थांबलेला. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. वीज गेल्यावर वायरमन खांबावर चढतो. तेव्हा शंभर छपरांवरून उलटी वीज तारेत आली तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून तुटतो. बिल कमी करायचं असेल तर ही यंत्रणा उत्तम. अंधार टाळायचा असेल तर सोबत बॅटरी हवी, म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर.

आणि बॅटरी आली की सगळे जुने प्रश्न परत येतात. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टरमध्ये वापरतात त्या मोठ्या शिसं-तेजाबाच्या बॅटरीचं आयुष्य चार-पाच वर्षांचं, तेही डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं आणि ती पूर्ण रिकामी होऊ दिली नाही तर. लिथियम फॉस्फेटची बॅटरी जास्त टिकते, पण सुरुवातीलाच खिसा रिकामा करते. खेड्यापाड्यांतले सौर पथदिवे पाहा. बहुतेक ठिकाणी पॅनेल शाबूत असतं, खांब शाबूत असतो, बॅटरी मेलेली असते. अनुदानात दिवा आला. बॅटरीसाठी महिन्याला शंभर रुपये बाजूला काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

समजा बॅटरी पंधरा हजारांची आणि पाच वर्षं टिकणारी आहे. महिन्याला अडीचशे रुपये झाले. माकणीच्या आसपासच्या बचत गटांना आणि भिशीला हे गणित नवं नाही. दहा घरांनी मिळून बॅटरीची भिशी लावली, दर सहा महिन्यांनी एका घराची बॅटरी बदलली, तर पाच वर्षांत सगळ्यांची पाळी येते. गावातल्या एका मुलानं किंवा मुलीनं आयटीआयमध्ये वायरमन किंवा सौर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला आणि त्याच्या किंवा तिच्या ताब्यात मल्टिमीटर, हायड्रोमीटर आणि दोन पाने दिले, तर तालुक्याचे निम्मे हेलपाटे वाचतात. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हेच शिकवलं. शाळेतल्याच मुलांनी गावातली वायरिंग, वेल्डिंग, ऊर्जेची कामं करत शिकायचं, असं ते शिक्षण आहे.

एजंट कोटेशन घेऊन दारात आला की सही करण्याआधी त्याच कागदाच्या पाठीवर चार ओळी लिहून घ्याव्यात. लाइट गेल्यावर ही यंत्रणा चालेल का? बॅटरी कुठली, किती वर्षांच्या हमीची, आणि बदलताना पैसे कोण देणार? बिघडल्यावर माणूस कुठून आणि किती दिवसांत येणार? आणि सकाळी नऊ ते चार या वेळात त्या जागेवर कशाची सावली पडते? चौथ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः उन्हात उभं राहून मिळवावं. पॅनेल बसल्यावर आठवड्यातून एकदा, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत दोनदा, सकाळी लवकर काच थंड असताना एक बादली साध्या पाण्यानं ते पुसून काढावं. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, काच तडकू शकते.